विश्लेषण : आकडे नोंदवले गेले, पण मैदानांचे काय? अमेरिकेतील कृष्णवर्णीय बेसबॉलचा इतिहास जपण्याची धडपड

मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल संघटनेने मे २०२४ मध्ये आपल्या विक्रमांच्या यादीत मोठी दुरुस्ती केली. वर्णभेदामुळे ज्यांना या संघटनेच्या मैदानात पाऊल ठेवता आले नव्हते, अशा २,३०० हून अधिक कृष्णवर्णीय खेळाडूंची कामगिरी अधिकृत नोंदींत सामील झाली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २० जून रोजी, अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात ११४ वर्षे जुन्या रिकवूड फील्डवर मेजर लीगचा सामना खेळवण्यात आला. आकड्यांची दुरुस्ती संगणकावर झाली. ते आकडे ज्या मैदानांत घडले, त्यांपैकी बहुतेक मैदाने मात्र आज नकाशावर नाहीत. उरलेली वाचवण्यासाठी अमेरिकेतील काही शहरे, संशोधक आणि स्वयंसेवक गेली तीन दशके झटत आहेत. ही धडपड कशासाठी, आणि ती इतकी अवघड का?

वेगळ्या लीग का निर्माण झाल्या?

बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीयांना बंदी घालणारा लेखी नियम मेजर लीगने कधीच केला नाही. तशी गरजच पडली नाही. मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू १८८४ मध्ये टोलेडोच्या संघातून त्या काळच्या मेजर लीगमध्ये खेळला होता. पण त्यानंतर मालकांमध्ये एक अलिखित समझोता झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दारे पूर्ण बंद झाली. हा समझोता सहा दशके टिकला. लेखी नियम असता तर त्याला न्यायालयात आव्हान तरी देता आले असते.

कृष्णवर्णीय खेळाडूंनी आपले संघ काढले, ते गावोगाव फिरू लागले. या विखुरलेल्या खेळाला शिस्त लावली ती रूब फॉस्टर यांनी. स्वतः नामवंत पिचर, म्हणजे चेंडूफेक करणारे आणि शिकागो अमेरिकन जायंट्स या संघाचे प्रमुख असलेल्या फॉस्टर यांनी १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीतील पासेओ वायएमसीएच्या इमारतीत संघमालकांना एकत्र आणले आणि आठ संघांची ‘निग्रो नॅशनल लीग’ स्थापन केली. ‘निग्रो’ हा शब्द आज अवमानकारक मानला जातो. पण लीगचे ऐतिहासिक नाव तेच असल्याने खेळाडूंचे वंशज आणि संग्रहालयेही ते तसेच वापरतात. १९२० ते १९४८ या काळात अशा एकूण सात लीग झाल्या.

त्यांना दुय्यम समजण्याची चूक अनेकांनी केली. कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघाने १९३० मध्ये ट्रकवर बसवलेले दिवे गावोगाव नेऊन प्रकाशझोतात सामने खेळवले. मेजर लीगचा पहिला प्रकाशझोतातला सामना त्यानंतर पाच वर्षांनी झाला. शिकागोच्या कोमिस्की पार्कवर १९३३ पासून दरवर्षी होणाऱ्या ‘ईस्ट-वेस्ट’ सामन्याला १९४३ मध्ये ५० हजारांहून अधिक प्रेक्षक आले होते. दुसरीकडे हेच खेळाडू दक्षिणेत प्रवास करताना हॉटेलात खोली मिळत नाही म्हणून बसमध्ये झोपत आणि उपाहारगृहाच्या मागच्या खिडकीतून जेवण घेत.

आकडे शोधले कसे?

मेजर लीगच्या प्रत्येक सामन्याची नोंद मोठी वृत्तपत्रे छापत. कृष्णवर्णीयांच्या सामन्यांकडे त्यांनी बहुतांशी पाठ फिरवली. ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकन’ अशा कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांनी ही जबाबदारी उचलली, पण प्रत्येक गावी वार्ताहर पाठवण्याइतका पैसा त्यांच्याकडे नव्हता. काही सामन्यांचा संपूर्ण धावफलक छापून आला, काहींची नुसती अंतिम धावसंख्या आली. काही सामने कुठेच नोंदले गेले नाहीत.

रॉबर्ट पीटरसन यांचे ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ हे पुस्तक १९७० मध्ये आले आणि या इतिहासाकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले. त्यानंतर हौशी संशोधकांची एक पिढी ग्रंथालयांतील मायक्रोफिल्मवर जुन्या साप्ताहिकांची पाने चाळत बसली. एकेक धावफलक हुडकायचा, दुसऱ्या वृत्तपत्रातील नोंदीशी ताडून पाहायचा, नावांच्या स्पेलिंगमधला घोळ सोडवायचा, असे ते कष्टाचे काम. त्यातून ‘सीमहेड्स’ हा माहितीसंच उभा राहिला आणि पुढे तोच मेजर लीगच्या दुरुस्तीचा मुख्य आधार ठरला. हे काम व्यावसायिक संघटनेने पैसे देऊन करून घेतलेले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या संघटनेने दारे बंद केली, तिच्या चुकीची दुरुस्ती करण्यासाठी लागणारा कच्चा माल बाहेरच्या माणसांनी फावल्या वेळात जमवला.

मेजर लीगला यासाठी इतका वेळ का लागला, याचे उत्तर तिच्याच एका समितीत आहे. कोणत्या लीगला ‘मेजर’ म्हणायचे हे ठरवण्यासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक समिती नेमली गेली होती. तिने सहा लीगना हा दर्जा दिला. १८८४ मध्ये जेमतेम एक हंगाम चाललेली, संघ मध्येच गळून पडलेली ‘युनियन असोसिएशन’ही त्या सहांत होती. कृष्णवर्णीयांच्या लीगचा विचारही झाला नाही. ही चूक मेजर लीगने डिसेंबर २०२० मध्ये मान्य केली, सुमारे ३,४०० खेळाडूंना ‘मेजर लीग खेळाडू’ असा दर्जा दिला आणि पुढची साडेतीन वर्षे आकड्यांची छाननी करून मे २०२४ मध्ये नवी यादी जाहीर केली.

यादीत नेमके काय बदलले?

सर्वांत मोठा बदल जॉश गिब्सन यांच्या नावाने झाला. होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघांकडून खेळलेल्या या धिप्पाड यष्टीरक्षकाची, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत ‘कॅचर’ची, कारकीर्दीतील सरासरी ०.३७२ अशी नोंदली गेली. टाय कॉब यांचा ०.३६७ हा विक्रम त्यामुळे मागे पडला. क्रिकेटच्या वाचकांना हा आकडा चमत्कारिक वाटेल. क्रिकेटमध्ये धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतात. बेसबॉलमध्ये यशस्वी फटक्यांना फटक्याच्या अधिकृत संधींनी भागतात. म्हणजे गिब्सन हजारपैकी ३७२ वेळा यशस्वी ठरले. मातब्बर फलंदाजही या खेळात हजारात तीनशेच्या आसपास घुटमळतो, हे ध्यानात घेतले की या आकड्याचे वजन कळते. एका हंगामातील सर्वोच्च सरासरीचा मानही आता गिब्सन यांच्याकडेच आहे. १९४३ मधील त्यांची सरासरी होती ०.४६६.

या नोंदींवर आक्षेपही आले. कृष्णवर्णीयांच्या लीगचे हंगाम ६० ते ८० सामन्यांचेच असत, मग १५४ सामन्यांच्या हंगामाशी तुलना कशी करायची, हा त्यांतला प्रमुख आक्षेप. तो अगदीच निराधार नाही. पण करोनाकाळात, २०२० मध्ये, मेजर लीगने स्वतःच ६० सामन्यांचा हंगाम खेळवला आणि त्याचे आकडे कोणतीही कुरकूर न करता अधिकृत धरले. त्यामुळे या मुद्द्याची धार बरीच बोथट होते.

खरी अडचण वेगळी आहे. बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मधील गिब्सन यांच्या स्मृतिफलकावर त्यांनी लीग आणि इतर सामन्यांत मिळून जवळपास ८०० होम रन फटकावल्याचे लिहिले आहे. अधिकृत यादीत मात्र १७४ आहेत. कारण यादीत फक्त लीगचे, तेही पुरावा असलेले सामने धरले जातात. पण लीगचे सामने कमी आणि गावोगावचे प्रदर्शनीय सामने जास्त, असेच या संघांचे अर्थकारण होते. खाणकामगारांच्या वस्तीतील मैदानावर, जत्रेत, गोऱ्यांच्या संघाविरुद्ध, कधी एका दिवसात दोन-तीन सामने होत. त्यातूनच पगार निघे. म्हणजे वर्णभेदामुळे जी खेळण्याची पद्धत लादली गेली, तिचा मोठा भाग वर्णभेद संपल्यानंतरच्या हिशेबातूनही बाहेर राहिला.

गिब्सन २० जानेवारी १९४७ रोजी वयाच्या ३५ व्या वर्षी वारले. तीन महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत पडली. गिब्सन यांच्या पिट्सबर्गमधील कबरीवर १९७५ पर्यंत नावाचा दगडही नव्हता.

मैदाने नाहीशी का झाली?

याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर : भाडे. कृष्णवर्णीयांचे बहुतेक संघ भाडेकरू होते. गोऱ्यांचा संघ दौऱ्यावर गेला की त्याचे मैदान भाड्याने मिळे. होमस्टेड ग्रेज १९४० च्या दशकात वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर अशाच रीतीने खेळत. तिकीटविक्रीतील मोठा वाटा मैदानाच्या मालकाकडे जाई. ज्या मालकांनी आपल्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नाही, त्यांनाच कृष्णवर्णीयांच्या सामन्यांतून नियमित उत्पन्न मिळत होते. काही मैदानांत तर भाडे भरूनही पाहुण्या संघाला कपडे बदलण्याची खोली वापरू दिली जात नसे.

स्वतःचे मैदान बांधण्याचे धाडस करणारे मोजकेच. पिट्सबर्गचे गस ग्रीनली त्यांतले एक. आपल्याकडच्या मटक्याच्या जातकुळीतल्या आकड्यांच्या जुगारातून त्यांनी पैसा केला आणि १९३२ मध्ये ‘ग्रीनली फील्ड’ उभारले. क्रॉफर्ड्स हा त्यांचा संघ. गिब्सन, सॅचेल पेज, ‘कूल पापा’ बेल, ऑस्कर चार्ल्सटन आणि जूडी जॉन्सन असे पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेलेले पाच खेळाडू या एका संघात एकाच वेळी खेळले. सहा वर्षांत ते मैदान पाडले गेले आणि तिथे सरकारी गृहवसाहत उभी राहिली.

रॉबिन्सन यांच्या यशाचा दुसरा परिणाम फारसा सांगितला जात नाही. प्रेक्षक रातोरात मेजर लीगकडे वळले. डॉजर्सचे ब्रँच रिकी यांनी रॉबिन्सन यांना करारबद्ध केले तेव्हा ते मोनार्क्सचे खेळाडू होते, पण रिकी यांनी मोनार्क्सला एक डॉलरही दिला नाही. न्यूअर्क ईगल्सच्या सहमालक एफा मॅन्ली यांनी याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. लॅरी डोबी यांना क्लीव्हलँडने घेतले तेव्हा मॅन्ली यांनी मोबदला वसूल केला, पण डोबी यांच्या गुणवत्तेच्या मानाने तो नगण्य होता. १९४८ नंतर निग्रो नॅशनल लीग बंद पडली, ईगल्स विकला गेला. आणि मेजर लीगच्या सर्व संघांत किमान एक कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९५९ उजाडले. बोस्टन रेड सॉक्स शेवटचा. म्हणजे कृष्णवर्णीयांच्या मालकीचा व्यवसाय दोन वर्षांत मोडला आणि त्याच्या बदल्यात मिळालेली दारे उघडायला बारा वर्षे लागली. मॅन्ली यांना २००६ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. तिथे असलेल्या त्या एकमेव महिला आहेत.

भाडेकरू निघून गेला की घरात त्याचे काही उरत नाही. संघ मोडले तेव्हा ना इमारत मागे राहिली, ना दप्तर, ना चषकांचे कपाट. मेजर लीगच्या जुन्या मैदानांनाही पुढे कुदळ लागलीच. ग्रिफिथ स्टेडियमच्या जागी आज हॉवर्ड विद्यापीठाचे रुग्णालय आहे, कोमिस्की पार्कच्या जागी वाहनतळ, तर रॉबिन्सन जिथे पहिल्यांदा खेळले त्या एबट्स फील्डच्या जागी निवासी इमारती. इंडियानापोलिसच्या बुश स्टेडियमचा दर्शनी भाग तेवढा ठेवून त्यातच सदनिका काढल्या आहेत. पण गोऱ्यांच्या संघांचा इतिहास त्यांच्या नव्या मैदानात, भिंतीवरच्या छायाचित्रांत, दुकानात विकल्या जाणाऱ्या जर्सीत पुढे चालू राहतो. ग्रेज किंवा क्रॉफर्ड्सना तशी दुसरी जागाच नाही.

रिकवूड इतके महत्त्वाचे का?

बर्मिंगहॅमच्या पोलाद उद्योगातील रिक वुडवर्ड यांनी बांधलेले रिकवूड फील्ड १८ ऑगस्ट १९१० रोजी खुले झाले. आज उभे असलेले ते अमेरिकेतील सर्वांत जुने व्यावसायिक बेसबॉल मैदान. बर्मिंगहॅम बॅरन्स हा गोऱ्यांचा संघ आणि बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स हा कृष्णवर्णीयांचा संघ, दोघांचेही ते घरचे मैदान होते. शहरातील खाणी आणि भट्ट्यांमध्ये कामगारांचे स्वतःचे संघ असत, त्यातून ब्लॅक बॅरन्सला खेळाडू मिळत. सॅचेल पेज १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे खेळले. आणि १९४८ मध्ये, कारखान्यांच्या संघात खेळणाऱ्या एका कामगाराचा १७ वर्षांचा शाळकरी मुलगा इथे मैदानात उतरला. तो विली मेस. त्याच वर्षी ब्लॅक बॅरन्सने कृष्णवर्णीयांच्या शेवटच्या विश्व मालिकेत धडक मारली, पण होमस्टेड ग्रेजकडून संघ हरला.

हेच मैदान वर्णभेदाचेही मैदान होते. बॅरन्सच्या सामन्यांना कृष्णवर्णीय प्रेक्षकांना उजव्या बाजूच्या वेगळ्या बाकांवरच बसावे लागे. बॅरन्सच्या सामन्यांचे रेडिओवर धावते वर्णन करून लोकप्रिय झालेले यूजीन ‘बुल’ कॉनर पुढे शहराचे सुरक्षा आयुक्त झाले. १९६३ मध्ये नागरी हक्कांसाठी मोर्चा काढणाऱ्या मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडण्याचे आदेश देणारे कॉनर ते हेच. बर्मिंगहॅमच्या नगर संहितेत गोरे आणि कृष्णवर्णीय यांनी एकत्र पत्ते वा सोंगट्या खेळण्यासही बंदी होती. १९५० मध्ये त्यात बेसबॉलची भर घातली गेली. १९५४ च्या सुरुवातीला नगर प्रशासनाने बंदी सैल केली, तर काही महिन्यांतच मतदारांनी जनमत कौल देऊन ती पुन्हा लागू केली. १९६१ च्या हंगामानंतर बॅरन्स संघच बंद झाला. संमिश्र संघ खेळवण्यापेक्षा मैदान रिकामे ठेवणे शहराने पत्करले आणि पुढची दोन वर्षे तिथे व्यावसायिक बेसबॉल झालाच नाही.

बॅरन्स १९८७ च्या हंगामानंतर उपनगरातील नव्या स्टेडियमवर गेला तेव्हा रिकवूडचे भवितव्यही इतरांसारखेच दिसत होते. १९९२ मध्ये स्थानिकांनी ‘फ्रेंड्स ऑफ रिकवूड’ ही संस्था काढली. मैदानाची मालकी शहराकडे राहिली, देखभाल संस्थेने घेतली. छत दुरुस्त करायचे, गंजलेले खांब रंगवायचे, पैसे जमवायचे, असे काम वर्षानुवर्षे चालले. १९९६ पासून जुन्या पद्धतीच्या गणवेशातील ‘रिकवूड क्लासिक’ सामना सुरू झाला. चित्रपटांनीही हातभार लावला. ‘कॉब’ आणि रॉबिन्सन यांच्यावरील ‘४२’ या चित्रपटांचे चित्रीकरण इथे झाले, त्यातून चार पैसे मिळाले.

जून २०२४ च्या सामन्यात काय घडले?

मेजर लीगने या सामन्यासाठी मेस यांचा जुना संघ सॅन फ्रान्सिस्को जायंट्स आणि सेंट लुईस कार्डिनल्स यांना निवडले. मैदानाची माती, निचरा, खेळाडूंच्या बसण्याच्या जागा नव्याने केल्या गेल्या. मेस यांनी प्रकृतीमुळे आपण येऊ शकत नसल्याचे कळवले. सामन्याच्या दोन दिवस आधी, १८ जूनला, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ही बातमी आली तेव्हा रिकवूडवर एक सामना चालू होता. प्रेक्षकांना ती तिथेच सांगितली गेली.

सामना कार्डिनल्सने ६-५ असा जिंकला. निकालापेक्षा इतर दोन गोष्टी लोकांच्या लक्षात राहिल्या. १९४८ मध्ये ब्लॅक बॅरन्सने विश्व मालिकेतला जो एकच सामना जिंकला, त्याचे विजयी पिचर आणि मेस यांचे संघसहकारी रेव्हरंड बिल ग्रीसन यांनी वयाच्या ९९ व्या वर्षी समारंभाचा पहिला चेंडू टाकला. दुसरी गोष्ट थेट प्रक्षेपणात घडली. १९६७ मध्ये तरुणपणी इथे खेळलेले रेगी जॅक्सन यांना परतल्याबद्दल काय वाटते, असे विचारण्यात आले. गोड आठवणींची अपेक्षा असावी. जॅक्सन यांनी उपाहारगृहांतून आणि हॉटेलांतून कसे हाकलले गेले, कसे शिवीगाळ करून बोट दाखवले जाई, ते सविस्तर सांगितले. गोऱ्या सहकाऱ्यांनी आणि प्रशिक्षकांनी साथ दिली नसती तर आपण टिकलो नसतो, हेही सांगितले. सजवलेल्या मैदानावर, उत्सवी प्रक्षेपणात, ती काही मिनिटे सगळ्यांत खरी होती. आणि तो प्रश्न वातानुकूलित स्टुडिओत विचारला असता तर उत्तराला ही धार आली असती का, याविषयी शंका आहे.

विली मेस यांच्या आकड्यांतही भर पडली होती. ब्लॅक बॅरन्सकडून १९४८ मध्ये मारलेले १० हिट जमा होऊन त्यांची एकूण संख्या ३,२८३ वरून ३,२९३ झाली. कोरड्या हिशेबात ही भर क्षुल्लक आहे. पण १९५० मध्ये जायंट्सने करारबद्ध करण्यापूर्वीही हा खेळाडू व्यावसायिक बेसबॉल खेळत होता, ही गोष्ट यादीत यायला ७६ वर्षे गेली.

इतर मैदाने कशी वाचली?

न्यू जर्सीतील पॅटरसन शहरात, धबधब्याच्या शेजारी, १९३२ मध्ये काँक्रीटचे हिंचलिफ स्टेडियम उभे राहिले. न्यूयॉर्क ब्लॅक यांकीज इथे खेळत. पॅटरसनमध्येच वाढलेल्या लॅरी डोबी यांची न्यूअर्क ईगल्ससाठी चाचणी इथेच झाली. डोबी पुढे रॉबिन्सननंतर तीन महिन्यांनी मेजर लीगमध्ये आले. आज त्यांचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते, कारण दुसऱ्याचे नाव कोणी लक्षात ठेवत नाही. हिंचलिफ १९९७ मध्ये बंद झाले. मैदानात झाडे उगवली, भिंतींवर रंगीबेरंगी चित्रे चढली. २०१३ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, पण दर्जाने छप्पर दुरुस्त होत नाही.

वाचवले ते एका व्यवहाराने. स्टेडियमच्या जागेतच ज्येष्ठ नागरिकांसाठी परवडणारी घरे आणि वाहनतळ बांधायचा, ऐतिहासिक वास्तूंसाठीच्या करसवलतींतून पैसा उभा करायचा आणि मैदान शाळांना व व्यावसायिक संघाला वापरायला द्यायचे, अशी ती योजना होती. सुमारे १० कोटी डॉलर खर्चून मे २०२३ मध्ये हिंचलिफ पुन्हा खुले झाले. स्मारकाला रोजचा उपयोग असेल तरच ते टिकते, हा यातला व्यावहारिक धडा बर्मिंगहॅमलाही लागू पडतो. वर्षातून एकदा दिवे लागणाऱ्या मैदानाचा खर्च तीनशे चौसष्ट दिवस कोणीतरी भरत असतो.

संग्रहालयाची भूमिका काय?

कॅन्सस सिटीत १९९० मध्ये सुरू झालेले निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम हे या साऱ्या प्रयत्नांचे केंद्र. मोनार्क्सचे माजी खेळाडू आणि व्यवस्थापक बक ओनील त्याचे सर्वांत परिचित चेहरा होते. २००६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या लीगमधील १७ जणांची एकाच वेळी ‘हॉल ऑफ फेम’साठी निवड झाली, त्यात ओनील यांचे नाव नव्हते. तरी त्या १७ दिवंगतांच्या वतीने समारंभात बोलायला ते गेले. दोनच महिन्यांनी त्यांचे निधन झाले. त्यांची निवड झाली ती २०२१ च्या अखेरीस.

संग्रहालयात मधोमध एक छोटे मैदान आहे आणि त्यावर नामवंत खेळाडूंचे ब्राँझचे पुतळे आपापल्या जागी उभे आहेत. आत शिरताच ते दिसतात, पण मध्ये तारेची जाळी असते. वर्णभेदाच्या काळात वेगळ्या बाकांवरच्या प्रेक्षकांसमोर अशी जाळी असे. सगळा इतिहास पाहून झाल्यावरच पाहुण्याला मैदानात पाऊल ठेवता येते.

अशा कामाला सुरक्षिततेची हमी नसते, हेही गेल्या काही वर्षांत दिसले. ज्या पासेओ वायएमसीएमध्ये १९२० ची लीग स्थापन झाली, तिथे संशोधन केंद्र उभारण्याचे काम चालू असताना २०१८ मध्ये कोणीतरी पाण्याची वाहिनी कापली आणि इमारतीत पाणी भरून मोठे नुकसान झाले. जानेवारी २०२४ मध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात रॉबिन्सन यांचा ब्राँझचा पुतळा घोट्यापासून कापून चोरून नेला गेला. तिथे उरलेले बूट आता कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात आहेत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून रॉबिन्सन यांच्या लष्करी सेवेविषयीचे पान गायब झाले. टीका झाल्यावर ते परत टाकण्यात आले.

आता घाई कशाची?

लीगमध्ये खेळलेले फारच थोडे खेळाडू २०२४ पर्यंत हयात होते, आणि जे होते ते नव्वदीच्या पुढचे. त्यामुळे एक काम मैदानांइतकेच तातडीचे झाले आहे : कबरी. इलिनॉय राज्यातील पिओरियाचे भूलतज्ज्ञ डॉ. जेरेमी क्रॉक यांना जिमी क्रचफील्ड या क्रॉफर्ड्सच्या खेळाडूची कबर शिकागोजवळच्या दफनभूमीत बेवारशासारखी असल्याचे कळले. २००४ मध्ये त्यांनी वर्गणी काढून तिथे दगड बसवला आणि त्यातून एक मोहीमच सुरू झाली. दफनभूमीच्या नोंदवहीतून खेळाडूची जागा शोधायची, नातेवाईक असतील तर त्यांची परवानगी घ्यायची, आणि नाव, जन्म-मृत्यूची वर्षे व संघांची नावे कोरलेला दगड लावायचा. हे आजही चालू आहे.

उरलेल्या मैदानांत डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमक शहराचे स्टेडियम आहे. ते १९३० मध्ये डेट्रॉइट स्टार्स या संघासाठी बांधले गेले. टर्की स्टर्न्स इथले सर्वांत मोठे नाव. हंगाम संपला की ते मोटारींच्या कारखान्यात कामाला जात. त्यांना ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतले गेले २००० मध्ये, मृत्यूनंतर २१ वर्षांनी. प्रेक्षकांचा सज्जा धोकादायक ठरून बंद पडला होता, तो दुरुस्त होऊन २०२२ मध्ये पुन्हा खुला झाला आणि मैदानाला स्टर्न्स यांचे नाव मिळाले. हॅमट्रॅमकमध्ये आता बांगलादेशातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे स्टर्न्स यांच्या नावाच्या मैदानात बेसबॉलबरोबर क्रिकेटही खेळले जाते.